गोदामातला पिवळा गोल

लिफ्टचं दार मिटलं आणि हातातला मोबाइल गप्प झाला, की लोक म्हणतात, "नेटवर्क गेलं." मला दर वेळी वाटतं, यांना थांबवून सांगावं: बाबांनो, ते कुठं गेलेलं नाही. ते बाहेर दारावर डोकं आपटून माघारी फिरतंय. बायको माझा चेहरा ओळखते आणि कोपराने ढोसते. "रिटायर झाले न तुम्ही? आता लिफ्टमधल्या लोकायले तरी सोडा."

संपादकांनी या अंकासाठी नोकरीतले गमतीचे अनुभव मागितले आहेत. गमतीचा म्हणावा असा माझ्याकडे एकच आहे, तो आधी देतो. दुसरा गमतीचा नाही. त्याला कितीतरी वर्षं झाली, पण अजूनही जेवता जेवता तो आठवला की घास हातातच राहतो. खरं म्हणजे पहिल्याशिवाय दुसरा घडलाच नसता, म्हणून दोन्ही एकाच दमात लिहितो.

मी रामाकोन्याचा, तहसील सौंसर; मध्य प्रदेशातला, पण मराठी बोलणारा मुलूख. आमची वस्ती बौद्धांची. बाप संत्र्याच्या बागांत मजुरी करायचा आणि आई कापूस वेचायची. त्या वस्तीतला पहिला बी.एस्सी. मी. हे मी लपवत नाही आणि मिरवायला लाजतही नाही. नागपूरला कॉलेजात निघालो त्या दिवशी छोट्या गाडीवर, म्हणजे आमच्याकडच्या नॅरोगेज रेल्वेवर, मला सोडायला अर्धी वस्ती आली होती. पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढं चालत होते किसनमामा. ते माझे सख्खे मामा नव्हेत. आईच्या माहेरच्या गावचे, आमच्या वस्तीत येऊन राहिलेले, म्हणून मामा. पेटी हलकी होती, मी म्हटलं, "मामा, द्या, मी घेतो." तर म्हणाले, "तू पुस्तकं उचल बापू. पेटी उचलणारे आपल्यात लय हायेत."

पुढं नागपूरच्या एका कंपनीत मला नोकरी लागली. कारखाने, खाणी, मोठी गोदामं अशा ठिकाणी ही कंपनी वायरलेस सेट बसवून द्यायची. तेव्हा मोबाइल कोणी स्वप्नातही पाहिला नव्हता. साधा फोन लावायचा तर एक्स्चेंजमधली बाई जोडून देईल तेव्हा. त्यामुळे हातातल्या ठोकळ्यात बोललेलं दोनशे पावलांवर ऐकू जातं, हीच जादू. ठोकळ्याचं बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. ऑफिसात टेबलावर मोठा सेट, त्याचा एरियल छपरावर. माझं काम सेट विकण्याचं नव्हतं आणि दुरुस्तीचंही नव्हतं. एरियल कुठं उभा करायचा आणि त्या इमारतीत आवाज कुठं पोचेल, कुठं नाही, हे आधीच शोधून सांगायचं, हे माझं काम.

बाहेरच्या माणसाला हे कसं समजवायचं? आमच्याकडच्या संत्र्याच्या बागेत विहिरीजवळ सिमेंटचं टाकं असतं. त्यात पंपाची धार पडते. धारेच्या लाटा निघतात, समोरच्या भिंतीवर आदळतात आणि परत येतात. जाणारी लाट आणि येणारी लाट जिथं एकमेकींना सामील होतात तिथं पाणी उड्या मारतं. जिथं दोघी एकमेकींना मारतात तिथं पाणी एकदम निवांत, झाडाचं पान टाकलं तर हलणार नाही. बिनतारी लहरीचं हेच. तिला टाक्याची भिंत म्हणजे लोखंड, पत्रा, आरशाच्या मागचा मुलामा. अशा खोलीत एका पावलावर आवाज खणखणीत आणि पुढच्याच पावलावर शून्य. पहिल्यांदा हे स्वतःच्या कानानं ऐकलं तेव्हा मला वाटलं सेट बिघडला. पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं, तरी धक्का बसला. एका पावलात माणूस मुका होतो आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही.

आता गमतीचा किस्सा. पांढुर्ण्याला एक सराफ होते. त्यांच्या मेहुण्याने परदेशातून बिनवायरीचा फोन आणला. त्याचा खोका वरच्या मजल्यावर घरात, आणि हातातला तुकडा घेऊन हे खाली दुकानात. परवान्याची कागदपत्रं विचारायचं माझं काम नव्हतं, मी विचारली नाहीत. ओळखीतून निरोप आला म्हणून सुट्टीच्या दिवशी गेलो. सराफांनी मला आत घेतलं, दार लावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, गल्लीत उभा राह्यलो तर साफ येते. दुकानात पाय ठेवला का मुका होते. बाजूच्यानं काही करून ठेवलं असन का?"

मी वर पाहिलं आणि हसू दाबलं. चारही भिंतींना आरसे, वर छताला आरसा, मागं लोखंडी तिजोरीची भिंत. दागिना चमकावा म्हणून त्यांनी सगळं दुकानच आरशाचं करून घेतलं होतं. मी फोन कानाला लावला आणि एकेक पाऊल टाकत फिरू लागलो. गादीवर शून्य. तराजूपाशी खरखर. तिजोरीपाशी शून्य. आणि दाराजवळच्या कोपऱ्यात, जिथं गिऱ्हाइकं चपला काढतात, तिथं आवाज असा आला जसं कोणी शेजारी बसून बोलतंय. मी खिशातून खडू काढला आणि फरशीवर गोल आखला.

"शेठ, इथं उभं राहून बोला."

"चपलांत?" त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "एवढं दुकान मांडलं अन् मी चपलांत उभा राहू?"

"मग आरसे काढा."

त्यांनी एकेका आरशाकडे पाहून घेतलं. मग चपलांचा ढीग बाहेर ओट्यावर गेला आणि शेठची गादी दाराच्या कोपऱ्यात आली. त्या गोलावर ते कायमचे बसले. गावभर सांगत सुटले, नागपूरहून इंजिनिअर आला, खडूनं गोल काढला अन् फोन बोलू लागला. मी इंजिनिअर नव्हतो. पण मी कोणाला दुरुस्त केलं नाही.

तिथून गोल ही माझी पद्धतच झाली. कंपनीतले जुने लोक नुसता नकाशा काढून द्यायचे, आवाज कुठं चांगला, कुठं वाईट. नकाशा हमालाला कोण वाचून दाखवणार? मी जमिनीवर पिवळ्या ऑइलपेंटने गोल काढायला लागलो. अडाणी माणसालाही कळतं: गोलात उभं राहा, बटण दाबा, बोला. साहेबांनी पाठ थोपटली. मला स्वतःलाही फार हुशार वाटलं. आरसे जागचे हलत नाहीत म्हणून शेठचा गोल टिकला, एवढी साधी गोष्ट मात्र तेव्हा डोक्यात आली नाही.

त्याच सुमारास आमच्याच तहसिलीतलं काम निघालं. सौंसरच्या बाहेर, लोधीखेड्याच्या बाजूला, एक जिनिंग-प्रेसिंग होतं. जिनिंगमध्ये कपाशीतून सरकी वेगळी करतात, प्रेसमध्ये रुई दाबून गाठी बांधतात आणि गाठी गोदामात रचतात. तिथली भीती एकच, आग. कपाशीत एखादा खिळा आला, मशीनमध्ये ठिणगी पडली, तर ती रुईत बसून आतल्या आत तासन् तास धुमसते आणि मग एकदम पेटते. जिनच्या आवाजात हाक मारली तर बाजूच्याला ऐकू जात नाही. म्हणून मालकांनी सेट घ्यायचं ठरवलं. धूर दिसला की सेटवर ऑफिसात सांगायचं, ऑफिसातला माणूस मेन स्विच पाडेल आणि पाण्याचा पंप चालू करेल.

आणि गाठींच्या गोदामावर निगराणीला कोण? किसनमामा. आमच्या गावातून छोट्या गाडीने येऊन-जाऊन ते तिथं दहा-बारा वर्षं काम करत होते. मला पाहून ते उठून उभे राहिले आणि "साहेब" म्हणाले. मी म्हटलं, "मामा, हे काय?" तर डोळा मारून म्हणाले, "कारखान्यात साहेब. गावात बापू. लोकायले दिसू दे न बाप्पा."

तपासणी मी पोळा झाल्यावर केली. हंगाम सुरू व्हायचा होता. गोदाम रिकामं, झाडून ठेवलेलं, चारही सरकती लोखंडी दारं उघडी, आरपार वारा. ऑफिसातल्या सेटवर मी मामांना बसवलं आणि सांगितलं, "एक ते वीस मोजायचं. संपलं की पुन्हा एकपासून. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही." मी हातातला सेट घेऊन पत्र्याच्या त्या लांबलचक शेडमध्ये पावलापावलाने फिरत होतो आणि कानात मामा: "चार... पाच... सहा..." एका पावलावर मामा असायचे, दुसऱ्या पावलावर नसायचे. वहीत फुल्या आणि गोल. मामांचा आवाज मोठा स्वच्छ, भजनी माणसासारखा, एकाच लयीत. दुपार झाली तरी लय ढळली नाही. शेवटी मी ऑफिसात आलो तर कपाळ पुसत म्हणाले, "बापू, गाठी मोजतो त्या संपतात तरी. तुह्यं मोजणं काही संपूनच नाई राहिलं."

मी तीन गोल काढले. एक जिनमध्ये, एक प्रेसपाशी, एक गोदामात. गोदामातला गोल मामांचा.

निघताना मॅनेजरसाहेब माझ्याबरोबर गोदामाच्या दारापर्यंत आले. तिथं कडुलिंबाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. आग लागली तर सब्बलीनं, म्हणजे लोखंडी पहारेनं, त्यावर ठोकायचं, अशी जुनी रीत. मॅनेजर म्हणाले, "अब इसका क्या काम? काढून टाकू का?" मी हसलो. म्हटलं, "साहेब, वायरलेस आल्यावर घंटा कशाला?" पुढच्या खेपेला आलो तेव्हा तो तुकडा ऑफिसच्या दाराला टेकण म्हणून ठेवलेला दिसला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं.

दसऱ्याला तिथं सगळ्या मशीनींची पूजा होते. त्या दिवशी मी आणि मामा दोघंही नागपूरला. आमचा तो धम्मदीक्षेचा दिवस. चार दिवसांनी मी सेट पाहायला गेलो तर प्रेसपाशी पिवळ्या गोलावर हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल. रुई वेचणाऱ्या बायांनी वाहिलेलं. त्यांच्यातली शांताबाई, मोठ्या आवाजाची, सगळ्यांना टोमणे मारणारी, मला म्हणाली, "काहून पाहून राहिले भाऊ? मशीनीले वाहिलं, मोटारीले वाहिलं, तुमच्याच देवाले काहून उपाशी ठेवा?" सगळ्या बाया हसल्या, मीही हसलो. पण खोटं कशाला बोलू, आत कुठंतरी गुदगुल्या झाल्या. ज्याच्या बापाला ओट्यावर चढू देत नसत, त्याच्या हाताने काढलेल्या गोलावर फूल.

मामांच्या गोलावर फूल नव्हतं, पण तो चकचकीत होता. मी विचारलं तर म्हणाले, "मी पूजा नाई करत बापू, आपल्यात ते नाई. पण रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसतो. कोणाले चप्पल घालून त्याच्यावर पाय देऊ देत नाई."

मग हंगाम लागला. गाठी बांधून यायला लागल्या. गाठीला लोखंडी पट्ट्या आवळतात, एकेका गाठीला सात-आठ. अशा गाठी माणसाच्या दुप्पट उंचीपर्यंत रचल्या की ती काय झाली? लोखंडाची भिंत. आणि थंडीचा वारा रुई उडवतो म्हणून चारातली तीन दारं बंद. म्हणजे मी ज्या टाक्यात लाटा मोजल्या होत्या ते टाकंच राहिलं नव्हतं. त्याच्या भिंती सरकल्या होत्या आणि नव्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. पाणी उड्या मारायच्या जागा बदलल्या होत्या. हे मला कळायला हवं होतं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या पोराला कळावं एवढं ते सोपं होतं. पण मी तेव्हा एका कोळसा खाणीच्या कामात होतो, आणि सौंसरचं काम माझ्या वहीत "पूर्ण" म्हणून लिहिलेलं होतं.

कळायला हवं होतं, एवढंच असतं तर मी कदाचित स्वतःला माफ केलं असतं. पण मला सांगितलं गेलं होतं.

डिसेंबरात एका रविवारी मी गावी गेलो होतो. घरासमोर खाटेवर बसलेलो, भोवती वस्तीतले सात-आठ लोक, कोणी पोराच्या ॲडमिशनचं विचारतंय, कोणी अर्ज लिहून घेतोय. मामा आले. थोडा वेळ ऐकत बसले. मग म्हणाले, "बापू, एक सांगू का? गोलात आवाज कमी येऊन राहिला. कधी कधी तर येतच नाई. डाव्या हाताले दोन पावलं झालो का एकदम साफ येते. म्या पाह्यलं तीन-चार खेपा."

एवढ्या लोकांत मला ते लागलं. मी चढ्या आवाजात बोललो. शब्द न् शब्द आठवतो. "मामा, तो गोल मी मोजून काढलाय. दिवसभर मोजून. हे विज्ञान आहे, इथं आपल्या अंदाजानं चालत नाही. तुम्ही सेट वाकडा धरत असाल. तोंडासमोर सरळ धरा, बटण पूर्ण दाबा आणि गोल सोडू नका. काही झालं तरी गोल सोडायचा नाही."

मामा एवढंच म्हणाले, "बरं बापू."

राग नाही, खट्टू होणं नाही. उलट उठता उठता बाजूच्याला म्हणाले, "पाह्यलं? कसा बोलते आपला पोट्टा!" त्यांच्या आवाजात कौतुक होतं. मी ते ऐकलं आणि मला बरं वाटलं.

जानेवारीत एका दुपारी मी खाणीवरून नागपूरच्या ऑफिसात आलो तर साहेब माझी वाटच पाहत होते. "सौंसरच्या जिनिंगमध्ये आज सकाळी आग लागली. तुमचा सेट चालला नाही म्हणून राहिले ते लोक. एक माणूस आत अडकला होता."

"कोण?"

"गोदामवाला."

मी तसाच बसस्टँड गाठला. सौंसरच्या बसमध्ये दोन तास मी एकच गोष्ट मनात म्हणत होतो, सेट बिघडला असेल. बॅटरी उतरली असेल. आयुष्यात कधी नाही एवढं मनापासून वाटत होतं की बॅटरी उतरलेली असू दे.

कारखान्यात पोचलो तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. गोदामाचा एक कोपरा काळा झालेला, बाकीच्या गाठी तशाच रचलेल्या, जमिनीवर राखेचं पाणी. मॅनेजर माझ्याशी बोलले नाहीत. शांताबाई बोलली. टोमण्याशिवाय तिला बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

"सकाळच्या चहाची सुट्टी सरली व्हती भाऊ. आम्ही बाया मागून येऊन राहिलो व्हतो. वरच्या जाळीतून धूर दिसला. म्या खिडकीतून पाह्यलं तर किसनदादा आत उभा. सेट तोंडाले लावलेला. बोलून राहिला, 'धूर हाय, ऑफिस, धूर हाय.' मंग थांबे, कान दे, मंग पुन्हा बोले. म्या वरडले, अरे बाहेर नीघ बे! त्यानं हात केला, थांब म्हणून. थांब! मांगं दाराकडून आग येऊन राहिली अन् हा थांब म्हणते!"

"मग?"

"मंग म्या झाडाकडं पळाले. लोखंड ठोकाले. तं झाडाले काहीच नाई! नुसता आकडा!" ती कडुलिंबाकडे पाहत राहिली. "कोणी नेलं व्हतं जी ते?"

माझी नजर ऑफिसच्या दाराला टेकण म्हणून ठेवलेल्या त्या तुकड्याकडे गेली.

"मंग तिथं सब्बल पडून व्हती, ती घेतली अन् पत्र्यावरच हाणली. हाणतच राह्यले. हात सुजले पाहा."

त्या भल्या मोठ्या पत्र्याचा नगारा झाला. जो पत्रा माझ्या लहरी आत येऊ देत नव्हता, त्याच पत्र्याने शांताबाईचा आवाज जिनच्या घरघराटाला फोडून ऑफिसपर्यंत नेला. स्विच पडला, पंप सुरू झाला, दोघातिघांनी ओलं पोतं अंगावर घेऊन मामांना बाहेर ओढलं. ते ओढत असतानाही सेट सोडत नव्हते, असं त्यांच्यातला एक म्हणाला.

तो सेट टेबलावर ठेवलेला होता. कातडी पट्टा करपलेला, बाकी शाबूत. मी बटण दाबलं. दिवा लागला. बॅटरी भरलेली होती.

मी शांताबाईला ऑफिसातल्या मोठ्या सेटवर बसवलं आणि म्हटलं, "बाई, एक ते वीस मोजा. मी येईपर्यंत." गोदामात गेलो. एका बाजूच्या गाठी जळाल्या होत्या, पण गोलाच्या आजूबाजूची रास तशीच होती आणि ती तीन दारंही बंदच. राखेतून गोल दिसत होता. रोज पुसलेला, त्यामुळे अजूनही पिवळा. मी त्यात उभा राहिलो. सेट तोंडासमोर सरळ धरला. बटण पूर्ण दाबून बोललो. सोडलं. कान दिला.

काही नाही. साधी खरखरसुद्धा नाही.

मी डाव्या हाताला एक पाऊल सरकलो. थोडं आणखी.

"...सात, आठ, नऊ, दहा..." शांताबाई इतकी स्वच्छ, की मी दचकून मागं पाहिलं.

परत गोलात. शून्य. परत डावीकडे. "...पंधरा, सोळा..." कितीदा केलं कोण जाणे. माझ्या डोक्यात ते शिरतच नव्हतं. एवढं कमी अंतर! दोन पावलं. तिथून हे शब्द ऑफिसात गेले असते, धूर दिसला त्याच मिनिटाला.

मामांना नागपूरच्या सरकारी दवाखान्यात हलवलं होतं. दुसऱ्या दिवशी गेलो. पाठ आणि एक हात भाजला होता, तो भरून येणार होता. पण गरम धूर आत गेला होता आणि डॉक्टर म्हणाले, आवाजाचं सांगता येत नाही. बोलू द्यायचं नाही असं बजावलेलं. मामांनी मला पाहिलं, डोळे हसले. मग चादरीवर बोटाने एक गोल काढला, त्याच्या मधोमध बोट टेकवलं आणि दाबून धरलं. माझ्याकडे असं पाहिलं, जसं शाळेतलं पोर गणित बरोबर आलं की मास्तरकडे पाहतं.

मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. पण ते न सांगता निघून येणं मला जमण्यासारखं नव्हतं. परत आत आलो. खाटेजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. गाठींचं, दारांचं, टाक्याचं. म्हटलं, "मामा, सेट चांगला होता. गोल चुकीचा होता. तुम्ही गावात सांगितलं तेच खरं होतं. दोन पावलं डावीकडे झाले असते तर..."

मामांनी हात वर केला. शांताबाईला केला असेल तसाच, थांब म्हणून. मग डॉक्टरांनी मना केलेलं असताना बोलले. आवाज नव्हताच, नुसती हवा. मी कान तोंडाशी नेला.

"मले मालूम व्हतं बापू."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"डावीकडं साफ येते, मले मालूम व्हतं. पण तू नाई म्हटलं व्हतं न." दम घेतला. "म्या म्हटलं, म्या हललो अन् आवाज गेला, तं लोकं म्हणतीन, त्याच्याच मामानं त्याचं ऐकलं नाई."

लोकांना पहिला पगार आठवतो, पहिली बढती आठवते. मला माझ्या नोकरीतलं हे वाक्य आठवतं. शिकून आलो म्हणून वस्तीनं माझ्यावर जो विश्वास टाकला होता, त्याचं वजन मला तोवर माहीतच नव्हतं. मी तो पेटीसारखा हलका समजत होतो.

पुढचं थोडक्यात सांगतो. कंपनीत मी लेखी दिलं की चूक माझी. त्यांनी ते फाइलला लावलं आणि मला पुन्हा सौंसरला धाडलं. गोदामाच्या आत, छपराच्या लोखंडी कैचीला दोन वेगळे एरियल टांगले, तार भिंतीतून बाहेर काढली, गाठी रचलेल्या असताना तपासलं, दारं लावून तपासलं, उघडून तपासलं. रुळाचा तुकडा मी स्वतः उचलून कडुलिंबाला परत टांगला. मॅनेजर म्हणाले, "दोनो रखेंगे." मी म्हटलं, "हो, दोन्ही."

त्यानंतर मी कुठंही गोल काढला नाही. नोकरीत जेवढ्यांना शिकवलं, सगळ्यांना एकच सांगितलं: आवाज आला नाही तर चाला. उभं राहू नका, चाला. आणि नव्या जागी गेलो की वही उघडण्याआधी तिथं झाडू मारणाऱ्या बाईला विचारायचो, "बाई, कुठं साफ येते?" कंपनीतली नवी इंजिनिअर पोरं हसायची. हसू द्यायचो.

मामा चार महिन्यांनी कामावर परतले. आवाज परतला नाही. शेवटपर्यंत ते कुजबुजतच बोलले. त्यांना मालकांनी गेटवर बसवलं. त्याच उन्हाळ्यात, हंगाम संपून गोदाम रिकामं झालं तेव्हा, मी पटाशी घेऊन गेलो आणि तो पिवळा गोल खरवडून काढला. दुपारभर खपलो होतो. वर सिमेंटचा हात फिरवला. काही दिसेना.

दुसऱ्या दिवशी, सिमेंट वाळल्यावर, वरची धूळ झाडून दारात हात धूत होतो. मामा माझ्यासाठी चहा घेऊन गोदामातून येत होते, एका हातात कप, पायात चपला. सरळ चालत आले, आणि त्या जागेपाशी येताच वळसा घालून पुढं आले.

मी म्हटलं, "मामा, आता तिथं काही नाही."

त्यांनी कप माझ्या हातात दिला. कान जवळ नेला तेव्हा ऐकू आलं.

"असू दे. मले मालूम हाय कुठं हाय ते."